गुरुवारचं पत्रक

बुधवारी रात्री आठनंतर मी शिक्षा टाइप करते.
टायरच्या दुकानावरची खोली,
हीटर एकच, तोही जज्जसाहेबांच्या पायाशी.
ते सांगतात, मी बडवते.
वकिली सोडून त्यांना नऊ वर्षं झाली, एक कान गेलाय,
पण माझा स्वल्पविराम चुकला
की दुसऱ्याला बरोबर ऐकू येतो.

'पिएत्राबियांका संघ :
मैदानावर दोन-एक जिंकलेला सामना
शून्य-तीन हरला असे समजावे.'
बंदी घातलेला फुलबॅक खेळलाच नाही म्हणतात,
त्याचा जुळा भाऊ खेळला.
असेल.
पण भुवईवरचे टाकेसुद्धा जुळे?
साहेब हसले नाहीत. पुढचं पान.

'रिपाल्ता संघ : साठ युरो दंड.
पंचांच्या खोलीत गरम पाणी नाही. दुसऱ्यांदा.'
आणि त्याच सामन्यातून
'प्रशिक्षक एजिदिओ लाकापा,
एकतीस मार्चपर्यंत निलंबित.
पंचांना उद्देशून अवमानकारक उद्गार.'

बस. पत्रकाची भाषा अशीच,
इस्त्री केलेली, थुंकी न उडणारी.

पण पंचांचा अहवाल माझ्याकडे अख्खा येतो.
नोएमी स्काल्दाफेर्री, वय सतरा.
सत्त्याऐंशीवं मिनिट, तिने लिहिलंय,
मग वाक्य जसंच्या तसं, उद्गारचिन्हासकट :
'जा, घरी जाऊन भांडी घास!'
त्याखाली एक ओळ सोडून :
'बाबा बाहेर गाडीत बसले होते.
त्यांना मी काही सांगितलं नाही.'

याला रकाना नाही, साहेब म्हणाले, काढ.
मी काढलं.
मग हात धुवायला उठले. आमच्याकडेही पाणी गारच.

एजिदिओला मी ओळखते.
माझा नवरा गेला तेव्हा न सांगता खुर्च्या मांडल्या त्याने,
दुसऱ्या दिवशी न सांगताच परत नेल्या.
अर्धा संघ त्याच्याच व्हॅनमधून येतो,
नळाच्या तुकड्यांवर पाय ठेवून.
हो, धंद्याने प्लंबर.
दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा,
आणि त्या अंधारात एक पोरगी
घामाने भिजलेली, गार नळाखाली.

जानेवारीत तो कब्रस्तानाच्या भिंतीवर उभा राहू लागला.
ती मैदानाच्या वर येते, कुंपणाच्या बाहेर,
म्हणजे नियमाच्याही बाहेर.
मागे सगळे रिपाल्ताकर आडवे, चिनी मातीवर फोटो लावून,
पुढे अकरा उभे, त्यातले दोन ऑफसाइड.
ओरडायची बंदी. त्याने टोपी काढली, घातली.
डावा विंगर मागे आला.
निरीक्षकाने मोजलं : सात वेळा.

साहेबांनी मला विचारलं, खुणा की घाम?
मी म्हटलं, त्या दिवशी उणे दोन होतं.
खुर्च्या आठवल्या, तरी म्हटलं.
'एकतीस मार्च'चं 'तीस एप्रिल' झालं.
मला वाटलं होतं वाईट वाटेल.
वाटलं, जेवेपर्यंत.

मार्चमध्ये नोएमी पुन्हा रिपाल्ताला गेली.
दुसरा पंच तापाने पडला, कोणी उरलं नव्हतं.
अहवाल रविवारी रात्रीच आला.
एक पिवळं कार्ड, गोलशून्य बरोबरी,
भिंतीवर कोणी नव्हतं.

नंतर कळलं की शनिवारी संध्याकाळी
एजिदिओ मागच्या दाराने बॉयलरशी गेला होता.
बंदीत बॉयलरचा उल्लेख नाही, मी तपासलं.
काही म्हणतात लाजेने गेला.
खजिनदार म्हणतो, तिसऱ्यांदा दंड झाला तर एकशेवीस.
मी त्याला बेकरीत भेटले तेव्हा
आम्ही दोघंही पावाकडे बघत होतो.

अहवालाच्या शेवटी छापील प्रश्न असतो :
गरम पाण्याची सोय होती का?
बाकीचे पंच 'हो' लिहितात, नाहीतर 'नाही'.
तिने लिहिलं होतं :
'हो. जरा जास्तच. हात भाजला.'

साहेबांचा चांगला कान खिडकीकडे होता.
मी वाचून दाखवलं 'हो',
आणि पुढची ओळ घेतली.